अक्षांश-रेखांश जुळत नाहीत तेव्हा

पहूरला व्याख्यानासाठी आलो, त्या दिवशी सकाळी आम्ही शाळेतील मुलांसाठी एक खेळ मांडला होता. वाघूर नदीच्या काठी एका निंबाच्या बुंध्यापाशी, दगडाआड, पत्र्याची डबी ठेवली. डबीत एक वही व पेन्सिल. त्या जागेचे अक्षांश-रेखांश चिठ्ठीवर लिहून मुलांच्या तीन तुकड्यांना दिले. प्रत्येक तुकडीजवळ जागा सांगणारे एकेक हातयंत्र होते. ज्याला आता सगळेच जीपीएस म्हणतात ते. अर्ध्या तासाने पाहतो तो काय, एक तुकडी उत्तरेकडे अडीचशे मीटरवर एका शेतात शोधत होती, दुसरी कोरडे पात्र ओलांडून पलीकडच्या काठावर गेली होती, आणि तिसरी झाडापासून सातआठ पावलांवर दगड उलटेपालटे करीत होती. चिठ्ठी एक, आकडे एक, आणि जागा मात्र तीन! मुले म्हणाली, “सर, यंत्रं खोटं बोलतात.”

यंत्रे खोटे बोलत नव्हती. तिन्ही यंत्रे आपापल्या परीने खरेच सांगत होती, आणि घोटाळा नेमका त्यामुळेच झाला होता.

हा खेळ आमचा नव्हे. अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकली. तोवर सामान्य माणसाचे यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकू शके. ती अडचण दूर होताच ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यात एका गृहस्थाने बादलीत काही वस्तू घालून ती रानात ठेवली व तिचा ठावठिकाणा जाहीर केला. त्याच महिन्यात या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले. नवशिक्यांची गाडी अडते ती मात्र तेव्हापासून आजतागायत त्याच दोनतीन ठिकाणी.

पहिल्या तुकडीचे पाहू. चिठ्ठीवर अक्षांशाच्या मिनिटांपुढे .२०० असे लिहिले होते. मुलांनी ते ‘वीस सेकंद’ असे वाचले. आमच्या पिढीला हा घोटाळा आण्या-पैच्या हिशेबाने चटकन समजेल. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा सव्वा रुपया म्हणजे एक रुपया चार आणे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि तोच सव्वा रुपया १.२५ असा लिहिला जाऊ लागला. एक रुपया चार आणे ही रक्कम कोणी १.४ अशी मांडली, तर वाण्याच्या दुकानात भांडण ठरलेलेच! अंशाचेही तसेच आहे. एका अंशाची साठ मिनिटे, एका मिनिटाचे साठ सेकंद. पंचांगवाले त्यांनाच कला-विकला म्हणतात. पण यंत्र हीच रक्कम तीन तऱ्हांनी लिहू शकते. अजिंठ्याच्या लेण्यांचा अक्षांश घ्या. अंश, मिनिटे, सेकंद अशा रीतीने तो २० अंश ३३ मिनिटे १२ सेकंद आहे. मिनिटांपुढे दशांश लिहिले तर २० अंश ३३.२०० मिनिटे, आणि सगळेच दशांशात मांडले तर २०.५५३३ अंश. तिन्ही आकडे एकाच जागेचे. .२०० मिनिट म्हणजे बारा सेकंद. ते वीस सेकंद वाचले की आठ सेकंदांची चूक झाली. आपल्याकडे अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे एकतीस मीटर. आठ गुणिले एकतीस, म्हणजे जवळजवळ अडीचशे मीटर. मुले उत्तरेच्या शेतात का गेली ते आता निराळे सांगावयास नको. रेखांशाच्या मिनिटांपुढे तीन शून्ये होती, म्हणून त्या बाजूने ती बचावली.

यापेक्षा मोठी गंमत दुसऱ्या वाचनात आहे. २०.५५३३ हा आकडा कोणी २० अंश ५५ मिनिटे ३३ सेकंद असा यंत्रात घातला, तर तो अजिंठ्याऐवजी एक्केचाळीस किलोमीटर उत्तरेला, जळगाव-भुसावळच्या दक्षिणेकडील शेतांत जाऊन पोचेल. इतकी मोठी चूक निदान लपत तरी नाही. शिवाय एक खूण आहे. मिनिटांच्या वा सेकंदांच्या घरात साठ किंवा त्याहून मोठा आकडा येऊ लागला, तर आपण भलतीच लिपी वाचतो आहोत असे खुशाल समजावे. अजिंठ्याचा रेखांश ७५.७० अंश आहे. त्याची ‘सत्तर मिनिटे’ कोठून आणणार?

दुसऱ्या तुकडीचा दोष अधिक खोल होता व त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही, म्हणून नकाशा काढणाऱ्याला आधी तिचा एक आकार गृहीत धरावा लागतो आणि तो आकार कोठून मोजावयाचा तेही ठरवावे लागते. १८०२ साली मद्रासेजवळ लॅम्ब्टनने भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. ती मोजीत मोजीत तो उत्तरेकडे सरकला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. पुढे एव्हरेस्टने काम चालविले. त्याने १८३० च्या सुमारास ठरविलेला पृथ्वीचा आकार आणि मध्य भारतातील कल्याणपूर हे आरंभस्थान, यांवर आपले जुने सरकारी नकाशे उभे आहेत. पहूर-अजिंठ्याचा भाग ज्या ४६ पी या नकाशात येतो, त्याची जुनी आवृत्तीही त्यांतलीच. उपग्रहांची पद्धत ‘डब्ल्यूजीएस ८४’ या दुसऱ्या आकारावर चालते. दोहोंच्या विषुववृत्तीय त्रिज्येतच सुमारे ८६० मीटरांचा फरक आहे. २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी निघालेले नवे नकाशे याच नव्या मापावर आहेत. जुने मात्र अजून पुष्कळांच्या कपाटांत आहेत.

त्या तुकडीचे यंत्र ज्यांचे होते ते डोंगर भटकणारे गृहस्थ. जुन्या नकाशाशी जुळावे म्हणून त्यांनी यंत्राच्या मांडणीत ‘इंडियन’ नावाने सुरू होणारा आधार निवडला होता. त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. परंतु चिठ्ठीवरचे आकडे नव्या मापाचे होते. आपल्या खानदेशात या दोन मापांतली तफावत शे-दीडशे मीटर पडते आणि अशा वेळी यंत्र आपल्याला वायव्येकडे ओढते. मुले नदीपार गेली ती यामुळे.

तिसऱ्या तुकडीची चूक आमची. यंत्र सुरू करून दोन मिनिटेही झाली नसता, वर निंबाची छाया असता, आम्ही घाईने आकडा टिपला. यंत्राला निदान चार उपग्रह नीट दिसावे लागतात, आणि त्यांचा संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंतच्या वेळावरून ते अंतर काढते. संदेश कड्यावर आपटून आला तर वाट लांबते व अंतर फुगते. अजिंठ्याच्या नालाकृती दरीत उभे राहिल्यास आकडे नाचताना दिसतील ते म्हणून. (तेथे पाहावयास जावे, संरक्षित स्मारकात डबी मात्र कोणी ठेवू नये.) मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरांची चूक धरूनच चालावे. डबी ठेवणाऱ्याने दहा मिनिटे थांबून सरासरी घ्यावी, आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी.

दोष कोणता हे ओळखावे कसे? दोन यंत्रे एकाच दगडावर शेजारी ठेवा व आकडे लिहून घ्या. मग शंभर पावले चालून पुन्हा तसेच करा. दोन्ही ठिकाणी फरक तितकाच आणि त्याच दिशेला असेल, तर आधार निराळा आहे. फरक घटकेत कमी, घटकेत जास्त, कधी पूर्वेला कधी दक्षिणेला असेल, तर दोष आकाशाचा. आणि दोन्ही यंत्रांचे आकडे दिसावयास निराळे असून जमिनीवर जागा एकच निघत असेल, तर केवळ लिहिण्याची तऱ्हा वेगळी आहे. एखादे यंत्र अंशांऐवजी सहासात आकडी मीटर दाखवू लागते. त्यानेही घाबरू नये. आपला भाग त्या पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येतो. त्याची मध्यरेषा ७५ रेखांशावर, अमळनेरच्या थोडी पश्चिमेने जाते, म्हणून पूर्वेचा आकडा इकडे पाच लाखांच्या आसपास असतो.

उंचीचा आकडा न जुळणे ही तक्रार निराळी. काही यंत्रे समुद्रसपाटीपासूनची उंची न देता गृहीत आकारापासूनची देतात, आणि आपल्याकडे ती पन्नास मीटरांहून अधिक कमी भरते.

व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध शेतकरी पुढे आले. त्यांच्या नातवाने फोनवर बांधाचे आकडे काढले होते. त्या आकड्यांवरून शेजाऱ्याने हातभर नव्हे, चांगली तीन मीटर जमीन दाबल्याचे ठरत होते, आणि दोन घरांत बोलणे बंद झाले होते. “आता फिर्याद करू का?” असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांच्याबरोबर शेतावर गेलो. कोपऱ्याच्या दगडावर तोच फोन ठेवून पंधरा मिनिटांत पाच वेळा आकडा घेतला. पाचही आकडे निरनिराळे आले. पहिल्यात आणि चौथ्यात चार मीटरांचे अंतर होते, आणि दगड तर जागचा हलला नव्हता. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार आता उपग्रहांवरच चालणारे रोव्हर वापरतात. पण त्यांना स्थिर केंद्रांकडून सतत दुरुस्ती मिळते, म्हणून ते काही सेंटीमीटरांपर्यंत जातात. खिशातल्या फोनचे ते काम नव्हे. आजोबांनी पाचही आकडे नातवाकडून एका कागदावर लिहवून घेतले, कागद घडी करून टोपीत ठेवला, आणि शेजाऱ्याच्या मळ्याकडे चालू लागले.