फुल सेट घ्यायचा की मोजकी हत्यारं? गॅरेज टाकताना पैसा नेमका कुठे घालायचा

काश्मीरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि गुजरातच्या हजिऱ्याहून ओडिशाच्या पारादीपला जाणारा 53, हे दोन्ही नागपुरात एकमेकांना भेटतात. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही इथूनच सुरू होतो. एवढ्या गाड्या म्हटल्यावर गॅरेज आलीच. वाडीला ट्रकची, गल्लोगल्ली टू-व्हीलरची. दरवर्षी आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून बाहेर पडणारी पोरं असतात, त्यातले काही स्वतःचं गॅरेज टाकायचं ठरवतात.

मग प्रश्न येतो हत्यारांचा. इतवारीच्या लोहा ओळीत जा किंवा मोबाईलवर सर्च करा, दोन टोकं दिसतात. एकीकडे 100 पेक्षा जास्त नगांची चकचकीत पेटी, तीही स्वस्तात. दुसरीकडे ब्रँडेड कंपनीचे मोजके पाने, आणि किंमत तेवढीच.

नवा माणूस बहुतेक वेळा पेटी उचलतो. पण ती खरंच स्वस्त पडते का?

स्वस्त पाना महाग कसा पडतो?

पान्याचं काम साधं वाटतं, नट धरायचा आणि फिरवायचा. पण नटावर पडणारा जोर म्हणजे हाताचा जोर गुणिले पान्याची लांबी. 20 सेंटीमीटरच्या पान्यावर साधारण 20 किलोचा जोर दिला तर नटावर जवळपास 40 न्यूटन मीटर टॉर्क पडतो. कारच्या चाकाचा नट साधारण 100 न्यूटन मीटरच्या आसपास कसलेला असतो. म्हणजे त्याला अर्धा मीटर लांब दांडा हवा.

हा सगळा जोर पान्याच्या जबड्यातून नटाच्या कडांवर जातो. धातू मऊ असेल तर जबडा फाकतो, पाना घसरतो आणि नटाच्या कडा गोल होतात. गंजलेल्या सायलेन्सरचा नट असा गोल झाला की पाच मिनिटांचं काम दोन तासांवर जातं. नट कापा, वेल्डिंग करा, आटे पुन्हा पाडा. घसरलेला हात इंजिनवर आपटतो ते वेगळंच. पान्यावर वाचवलेले पैसे एका गाडीत निघून जातात.

शिक्का बघून फसू नका

बऱ्याच पान्यांवर ‘सीआर-व्ही’ असा शिक्का असतो. म्हणजे क्रोम व्हॅनेडियम, पोलादात क्रोमियम आणि व्हॅनेडियम मिसळून केलेला मिश्रधातू. हाताच्या पान्यांसाठी तो चांगलाच. पण नुसत्या शिक्क्याने काही सिद्ध होत नाही. पोलाद तापवून, थंड करून त्याला पाणी कसं दिलंय यावर खरा खेळ असतो. कमी कडक झालं तर पाना फाकतो, जास्त कडक झालं तर तडकतो.

मग ग्राहकाने काय बघायचं?

भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत. फिक्स पान्यांसाठी आयएस 2028, रिंग पान्यांसाठी आयएस 2029. हत्यारावर आयएसआय मार्क असेल तर सोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा तपासता येतो. ओळखीच्या ब्रँडशी मिळतंजुळतं नाव, एखादं अक्षर इकडचं तिकडे, असा माल बाजारात असतो. म्हणून स्पेलिंग वाचा आणि पक्कं बिल घ्या. बिल असेल तरच वॉरंटीचा काही उपयोग.

दुसरी युक्ती बिनखर्चाची. दुकानात जाताना खिशात 17 मिमी डोक्याचा एक नवा बोल्ट ठेवा. पाना त्यावर बसवून हलवा. खडखड झाली तर तो पाना तिथेच ठेवून द्या.

महाराष्ट्रात बनतात का चांगली हत्यारं?

बनतात. नाशिकच्या सातपूरमध्ये टपारिया टूल्सचा कारखाना आहे. 1969 मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने या कंपनीने हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. पंजाबातली जालंधर आणि लुधियाना ही शहरंही हातहत्यारांची मोठी केंद्रं आहेत, तिथून माल परदेशात जातो. थोडक्यात, चांगला पाना म्हणजे जर्मन किंवा अमेरिकनच असं काही नाही. रोजच्या गॅरेजसाठी मानकात बसणारं देशी हत्यार पुरतं.

सेटमधलं खरं कामाचं किती?

टू-व्हीलरवर 8, 10, 12, 14 आणि 17 मिमी हीच मापं पुन्हा पुन्हा लागतात. कारसाठी त्यात 13 आणि 19 घाला. मोठ्या पेटीतल्या कितीतरी गोट्या वर्षभर डब्यातून बाहेरच येत नाहीत.

एक सावधगिरी मात्र घ्या. जुन्या ट्रॅक्टरवर इंची मापं सापडतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी. त्यावर 13 चा पाना बसतो, पण 0.3 मिमीची फट राहते. तेवढी फट नट गोल करायला पुरते.

गोटी घेताना सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते, पण ती कडांच्या टोकावर जोर देते. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते, त्यामुळे गंजलेल्या नटाला तीच बरी.

रॅचेटमध्ये दात मोजा. 72 दातांचं रॅचेट दर 5 अंशांना पकडतं, 24 दातांचं 15 अंशांना. जागा कमी असेल तिथे 72 वालं कामाला येतं. पण घट्ट नट सोडायला रॅचेट वापरू नका. त्यासाठी लांब दांडाच लावा.

हवेच्या गनमध्ये फसगत कुठे होते?

पंक्चरच्या दुकानातली ती ‘टर्रर्र’ आवाजाची गन सगळ्यांना हवी असते. लोक गनची ताकद बघून ती घेतात आणि घरी आणल्यावर ती नट सोडत नाही. दोष गनचा नसतो, हवेचा असतो.

बहुतेक हवेची हत्यारं 90 पीएसआय दाबावर चालतात. पण दाबाइतकीच महत्त्वाची असते दर मिनिटाला मिळणारी हवा, म्हणजे सीएफएम. ढोबळ हिशेब असा की 1 एचपी कॉम्प्रेसर साधारण 3 ते 4 सीएफएम हवा देतो. अर्धा इंची गन थांबून थांबून चालवली तर तिला सरासरी 4 ते 6 सीएफएम लागतात. म्हणजे टायरच्या कामाला 2 एचपी आणि बऱ्यापैकी मोठी टाकी चालेल. पण डेंटिंग-पेंटिंगचं सँडर सलग चालतं, त्याला कितीतरी जास्त हवा लागते. तिथे 2 एचपी हमखास दमतो.

कॉम्प्रेसरच्या माहितीपत्रात दोन आकडे असू शकतात. पिस्टनने ढकललेली हवा आणि प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा. दुसरा आकडा विचारा, तो नेहमी कमी असतो. पाइपही बारीक नको. आतून पाव इंची पाइप गनचा गळा आवळतो, तीन सुती घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हाताच्या चकचकीत क्रोम गोट्या गनला लावू नका. गनचे ठोके सोसायला काळ्या इम्पॅक्ट गोट्या असतात. त्या बहुतेक क्रोम मॉलिब्डेनमच्या, जाड भिंतीच्या असतात. क्रोम गोटी ठोक्यांनी फुटू शकते आणि तिचा तुकडा थेट डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा लावाच.

पावसाळ्यात हवा दमट होते, तेव्हा टाकीत पाणी जास्त साचतं. रोज संध्याकाळी खालचा व्हॉल्व्ह उघडून ते काढा. सकाळी गनच्या हवेच्या तोंडात तेलाचे काही थेंब टाका. एवढ्यावर गन कितीतरी वर्षं जास्त जगते.

गनने नट कसायचा नाही?

सुरुवातीला फिरवायला गन ठीक, पण शेवटचं कसणं टॉर्क पान्याने. गनने जास्त कसलेला स्टड ताणला जातो, पुढे तुटू शकतो. कमी कसला तर चाक ढिलं होतं. समृद्धीवर ताशी 100 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत या दोन्हींचा अर्थ एकच. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

टॉर्क पान्याने नट सोडू नका. काम झाल्यावर क्लिक पाना सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. आयएसओ 6789 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, वेगळा नियम ठरलेला नसेल तर 5,000 वेळा वापरल्यावर किंवा वर्षभराने त्याची तपासणी करून घ्यायची असते.

पैसे कुठून आणायचे?

पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपये मिळतात, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. पण 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेच्या 18 व्यवसायांत लोहार, कुलूप दुरुस्त करणारे, हातोडी-अवजारं बनवणारे आहेत. मोटार मेकॅनिक नाही. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. गॅरेजसाठी मुद्रा कर्जाचा मार्ग आहे. त्यातल्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं.

मग आधी काय घ्यायचं?

पहिला पैसा तिथे, जिथे घसरलं तर नुकसान मोठं. रिंग आणि फिक्स पाने, 8 ते 19 मिमीच्या सहा कोनी गोट्या, एक लांब दांडा, चांगला पेचकस आणि पक्कड. त्यानंतर टॉर्क पाना. हातोडी, छिन्नी, ट्रे, फनेल यात खुशाल वाचवा. कॉम्प्रेसर आणि गन काम वाढल्यावर घ्या, आणि त्यातही आधी कॉम्प्रेसर ठरवा, मग गन.

उरलेली मापं लागतील तशी एकेक घेत जा. वर्षभराने पेटी भरलेली असेल आणि तिच्यातलं प्रत्येक हत्यार वापरातलं असेल.