साधी गाठ की ‘फायलोड्स’? स्तनातील मिश्र गाठीचे निदान अवघड का?

स्तनात गाठ लागली, सोनोग्राफीत ती गोल आणि गुळगुळीत दिसली, सुईच्या तपासणीत ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ असा रिपोर्ट आला. विशी-तिशीतील बहुतेक तरुणींसाठी विषय इथेच संपतो, कारण ही गाठ कॅन्सरची नसते. पण तीच गाठ काही महिन्यांत झपाट्याने वाढली किंवा चाळिशीत नव्याने आली, तर डॉक्टर सावध होतात. हुबेहूब तशीच दिसणारी आणखी एक गाठ असते: फायलोड्स ट्यूमर.

दोन्ही गाठींत दोन प्रकारच्या ऊती असतात: दुधाच्या नलिकांचे अस्तर आणि त्याभोवतीची आधार देणारी तंतुमय ऊती. स्तनाचा नेहमीचा कॅन्सर अस्तरातून सुरू होतो. फायलोड्समध्ये बिघडतो तो आधार. तो नलिकांत घुसून पानांसारखे आकार तयार करतो. म्हणूनच १८३८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहान्स म्युलर यांनी ‘पान’ या ग्रीक शब्दावरून हे नाव दिले. त्यांनी सोबत ‘सार्कोमा’ही जोडले होते. नाव उगाच भीतिदायक झाले, कारण बहुतेक फायलोड्स सौम्यच असतात.

खरी अडचण नमुन्याची आहे. बारीक सुईने फक्त सुट्या पेशी मिळतात, रचना कळत नाही. कोअर बायोप्सीत ऊतीचा तुकडा मिळतो, पण एकाच गाठीचा एक भाग साधा आणि दुसरा आक्रमक असू शकतो. सुई कुठे लागली, यावर रिपोर्ट ठरतो. त्यामुळे शंका असेल तर पूर्ण गाठ काढून तपासतात. त्यानंतरच सौम्य, मधली किंवा घातक अशी श्रेणी पक्की होते.

उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचाच. मधल्या आणि घातक गाठीभोवती साधारण १ सेंटीमीटर निरोगी भागही काढतात. नुसती गाठ सोलून काढली, तर ती त्याच जागी परत येण्याचा धोका वाढतो. काखेतील ग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत; घातक फायलोड्स पसरलाच तर रक्तावाटे, बहुधा फुप्फुसांत. हार्मोनच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. रेडिएशनचा विचार निवडक रुग्णांतच होतो.

पूर्वी ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ म्हणून काढलेल्या जागी पुन्हा गाठ आली, तर जुन्या ऑपरेशनच्या स्लाइड आणि ब्लॉक प्रयोगशाळेतून मागवून पॅथॉलॉजिस्टला दाखवा. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही.