पंक्चर काढा आपल्या हाताने

पहाटेची वेळ आहे. मोटरसायकलला दुधाच्या दोन किटल्या बांधल्या आहेत. डेअरीचा काटा सातला बंद होतो. अर्ध्या वाटेवर गाडी डुलू लागते. उतरून पाहावे, तर मागचे चाक बसलेले! टायरात खिळा घुसला आहे. पंक्चरवाल्याचे दुकान तालुक्याच्या रस्त्याला. ते नऊ वाजता उघडणार. आता दुधाचे काय?

अशा वेळी डोक्याला हात लावून बसू नका. गाडी तशीच दामटूही नका. बसलेल्या चाकावर गाडी चालवली, की टायरची कड आतून खराब होते. मग नवा टायरच घ्यावा लागतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

हवेचा टायर सायकलीला प्रथम उपयोगी करून दाखवला तो डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने. साल होते १८८८. पुढे टायरात ट्यूब असे. आता पुष्कळ गाड्यांना ट्यूब नसते. टायरच हवा धरून ठेवतो. त्याला ट्यूबलेस टायर म्हणतात. टायरच्या बाजूवर तसे इंग्रजीत उठावाने लिहिलेले असते. ते कुणाकडून एकदा समजून घ्या. हा उपाय फक्त ट्यूबलेस टायरचा आहे. आत ट्यूब असली, तर ती काढून तिलाच ठिगळ लावावे लागते.

जवळ काय ठेवावे?

मोटारीच्या सामानाच्या दुकानात पंक्चरचा संच मिळतो. त्यात मूठ असलेली एक खरखरीत सळई असते. तिला कानशीसारखे दात असतात. दुसरी एक मोठी सुई असते, दाभणासारखी. तिच्या नेढ्याला टोकाशी चीर असते. शिवाय रबराच्या चिकट पट्ट्या आणि सोल्युशनची नळी. याखेरीज पक्कड, ब्लेड, खडू आणि हवेचा पंप जवळ असू द्या. बस्स, एवढेच.

काम कसे करावे?

१. गाडी रस्त्याच्या कडेला, सपाट जागी मोठ्या स्टँडवर घ्या. इंजिन बंद करा. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला हात लागू देऊ नका.

२. चाक हळूहळू फिरवून खिळा शोधा. दिसला नाही, तर थोडी हवा भरून साबणाचे पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे भोक आहे. खडूने खूण करा.

३. सगळे सामान तयार झाल्यावरच खिळा पक्कडीने उपटा. तो सरळ गेला आहे की तिरका, ते पाहून ठेवा.

४. खरखरीत सळई त्याच वाटेने भोकात घाला. आठ-दहा वेळा आतबाहेर करा. भोक साफ होते, रबर चांगले धरते.

५. पट्टी सुईच्या नेढ्यात अर्ध्यापर्यंत ओवा. तिला सोल्युशन लावा. सोल्युशन पेट घेते, म्हणून त्या वेळी विडी-काडी नको, बरं का!

६. सुई जोर लावून आत दाबा. पट्टीची दोन्ही टोके बोटाच्या अर्ध्या पेराएवढी बाहेर राहू द्या. मग न पिळता, सरळ झटक्याने सुई ओढा. सुई बाहेर येते, पट्टी आत राहते.

७. बाहेरची टोके ब्लेडने कापा. दोन-तीन मिलिमीटर शिल्लक ठेवा. हवा भरा. पुन्हा साबणाचे पाणी लावा. बुडबुडे नाहीत? मग काम फत्ते!

हवा किती भरायची, तो आकडा गाडीवरच्या चिठ्ठीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. तो वाचा आणि तेवढीच भरा.

हे कधी करू नये?

भोक टायरच्या बाजूला, कडेला असेल, तर पट्टी लावू नका. बाजू सारखी वाकते. तिथे पट्टी टिकत नाही. भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठे असेल, टायर फाटला असेल किंवा आतले धागे दिसत असतील, तरीही नको. तिथे लोभ केला, तर भर रस्त्यात टायर फुटेल. चार पैसे वाचतील, पण जीव धोक्यात येईल.

आणखी एक सांगणे. ही रस्त्यावरची तात्पुरती मलमपट्टी आहे. तिच्यावर गाडी हळू चालवा. ओझे कमी ठेवा. सवड मिळताच दुकानात जाऊन टायर आतून तपासून घ्या. पुढच्या चाकाच्या बाबतीत तर मुळीच चालढकल करू नका.

पहिल्यांदा हात चुकेल. म्हणून जुना, टाकून दिलेला टायर घ्या आणि घरी एकदा सराव करा. घरातल्या बायकामुलींनाही दाखवा. गाडी त्याही चालवतात. रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असेल, तेव्हा पंक्चरवाला कुठून आणणार? संच गाडीत असावा आणि कसब हातात असावे. मग दूधही वेळेवर पोचेल आणि माणूसही.