पेटीच्या तळाशी सापडलेली चिल्लर

दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्या कितीतरी घरांत जुन्या पेटीच्या तळाशी चिल्लरीची पुरचुंडी सापडते. मुले विचारतात, हे कसले पैसे? हल्ली आणखी एक प्रश्न सभासद आम्हाला विचारतात: मोबाइलवर कोणीतरी या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणतो, देऊन टाकू का?

पुरचुंडीत सगळ्यात जुनी असतात ती निजामाची. आदिलाबाद हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानाचे चलन वेगळे, उस्मानिया सिक्का. लोकांच्या तोंडी ‘हाली’. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात मात्र इंग्रजी ‘कलदार’ चाले. 7 हाली रुपयांना 6 कलदार असा साधारण भाव. म्हणजे नदी ओलांडून सोयऱ्यांकडे जायचे तरी त्रैराशिक मांडावे लागे! हाली रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै. पै, दोन पै आणि अर्धा आणा आधी तांब्याचे, मग कांस्याचे. आणा तांबे-निकेलचा होता, तोही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कांस्याचा झाला, कारण निकेल युद्धसामग्रीसाठी हवे होते. त्याच काळात तांबे वाचवण्यासाठी इंग्रज सरकारने 1943 पासून भोकाचा पैसा काढला. हाली चलन 1959 पर्यंत टिकले; तोवर किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून गेलेही होते.

छोट्या नाण्यांचा धातू सारखा का बदलतो? नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा त्यातला धातू महाग झाला, की नाणे बाजारात न फिरता भट्टीत जाते. म्हणून सरकार दर वेळी अधिक स्वस्त धातूकडे वळते. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली तेव्हा एक नवा पैसा कांस्याचा होता, तर 2, 5 आणि 10 नवे पैसे तांबे-निकेलचे. पुढे 1964 पासून हलक्या अ‍ॅल्युमिनियमची नाणी येऊ लागली. पाच पैशांचे नाणे सुमारे 4 ग्रॅमवरून दीड ग्रॅमवर आले. षटकोनी तीन पैसे आठवतात ना? तेही याच घराण्यातले. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, पण मऊ. लवकर वाकते, झिजते. म्हणून 1988 पासून 10, 25 आणि 50 पैसे गंज न लागणाऱ्या पोलादाचे झाले, आणि 1992 पासून रुपयाही. या पोलादात सुमारे 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियम असते. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली. 50 पैसे मात्र अजून कायदेशीर आहेत, कोणी घेत नसले तरी.

घरच्या मुलांना एक लोहचुंबक द्या. पोलादी रुपया लगेच चिकटेल, 1957 नंतरचे शुद्ध निकेलचे जुने 25 आणि 50 पैसेही चिकटतील. तांबे-निकेलचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे नाणे ढिम्म हलणार नाही. अर्ध्या तासात पुरचुंडी धातूंप्रमाणे वेगळी होते.

आता लाखो रुपयांचे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सावध केले आहे: जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेच्या नावाने कोणी कमिशन किंवा कर मागत असेल तर तो फसवणूक करतो आहे. आधी पैसे भरा म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. नाणी चिंच लावून घासूही नका. त्याने झीज वाढते आणि जाणकार संग्राहक ती कमी किमतीला घेतात. चलनी नाणे वितळवणे हा तर 2011 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

आणि दुकानदाराने 10 रुपयांचे नाणे नाकारले, तर त्याला सांगा की वेगवेगळ्या डिझाइनची सगळी नाणी चालतात; रिझर्व्ह बँकेने हे जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केले. ते नाणे हातात असताना वर्षाखाली पाहा. चांदणी दिसली, तर ते आपल्याच हैदराबादच्या टाकसाळीत पडलेले आहे.