भातखाचरांतील पाणनेचा : अझोला

नेचा म्हटला म्हणजे पावसाळ्यांत विहिरीच्या जांभ्या चिऱ्यांमधून डोकावणारी, पिसासारख्या पानांची वनस्पति आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु या वर्गांतील कांहीं जातींनीं जमीन सोडून पाण्यावर तरंगत राहण्याचा मार्ग पत्करला आहे. अझोला ही त्यांपैकीं भात पिकविणारांच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाची होय. हवेंतील नत्र शेतांत आणणारी वनस्पति म्हणून तिची फार वाखाणणी होते, व ती यथार्थ आहे. मात्र ती कोणत्या पाण्यांत वाढते व कोणत्या पाण्यांत नाश पावते, हें समजून न घेतां तिचा प्रयोग केल्यास श्रम व्यर्थ जातात. म्हणून प्रथम तिची रचना व नंतर तिचें वसतिस्थान यांचा विचार करूं.

अझोला हें नांव लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८३ सालीं दिलें. आपल्या देशांत निसर्गतः आढळणारी जात अझोला पिनाटा ही होय. तिचें एक रोप साधारणपणें बोटाच्या नखाएवढें व त्रिकोणी आकाराचें असतें. त्याच्या खालीं बारीक मुळें पाण्यांत लोंबत असतात. इतर नेच्यांप्रमाणें हिलाही फूल व बीज नाहीं; बीजाणूंपासून तिची उत्पत्ति होते. परंतु तिचा नित्याचा विस्तार होतो तो रोपाचे तुकडे पडून. प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप बनतो, व परिस्थिति अनुकूल असली तर ३ ते ५ दिवसांत तिचें वजन दुप्पट होतें.

तिचें खरें वैशिष्ट्य पानांत आहे. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. खालचा भाग पातळ, जवळजवळ पारदर्शक असून तो पाण्यास लागलेला असतो. वरचा जाड व हिरवा असून हवेंत राहतो. या वरच्या भागांत एक पोकळी असते आणि तिच्यांत ॲनाबिना नांवाचें अतिसूक्ष्म निळें-हिरवें शेवाळ वस्ती करून असतें. हवेचे शेंकडा ७८ भाग नत्राचे आहेत. तथापि भाताच्या मुळांस तो जसाच्या तसा घेतां येत नाहीं. हें शेवाळ तो नत्र बांधून नेच्यास देतें, व नेचा त्यास आसरा व अन्न पुरवितो. जमीनदारीच्या भाषेंत बोलावयाचें तर हें कूळ पिढीजात असून खंड पुरेपूर भरणारें आहे. चीन व व्हिएतनाम येथील शेतकरी कित्येक शतकें या वनस्पतीचा भातास खत म्हणून उपयोग करीत आले आहेत. आपल्याकडे कटक येथील भात संशोधन संस्थेंत १९७० नंतरच्या दशकांत तिचे पद्धतशीर प्रयोग झाले.

आतां वसतिस्थान. अझोलास उथळ, संथ व गोडें पाणी हवें. वाऱ्यानें लाटा उठणाऱ्या मोठ्या जलाशयांत ती विस्कटून जाते. २० ते ३० अंश उष्णमान तिला मानवतें. कडक उन्हांत ती तांबडी पडते, म्हणून विरळ सावली हितावह. नत्राची सोय ती स्वतः करते, परंतु स्फुरद तिला पाण्यांतूनच मिळावा लागतो.

या कसोट्या रत्नागिरीच्या भूमीस लावून पाहूं. मांडवीच्या दक्षिणेस भाट्ये येथें काजळी नदी समुद्रास मिळते. तेथील भरतीच्या पाण्यांत किंवा खाजणांत अझोला टिकणार नाहीं. खाडीकांठीं तिवरांच्या संगतीनें वाढणारा उंच, चिवट पानांचा नेचा निराळ्या जातीचा; खारेपणा सोसण्याची त्याची शक्ति हिच्या अंगीं नाहीं.

दुसरी अडचण पावसाची. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतारावरील खाचरांत पाणी एका बांधावरून खालच्या खाचरांत सारखें वाहत असतें. तेथें सोडलेली अझोला ओढ्यास लागण्याचीच भीति अधिक.

तिसरी अडचण डोळ्यांस न दिसणारी आहे. जांभ्या जमिनी आम्ल असून त्यांत लोह विपुल असतें, व त्यामुळें स्फुरद मातींत बांधला जातो. स्फुरद कमी पडला कीं अझोलाचीं रोपें खुरटतात, मुळें लांबतात व पानें तांबूस होतात. अशा वेळीं नुसतें शेण वाढवून भागत नाहीं. सुपर फॉस्फेटची थोडी मात्रा हप्त्यानें द्यावी लागते.

तेव्हां आपल्याकडे तिचें योग्य स्थान म्हणजे पाणी स्थिर राहणारे सखल मळे व वायंगणाचीं शेतें. विरळ सावलींत वीतभराहून कमी खोलीच्या खड्ड्यांत तिचें बेणें राखावें. चिखलणी झाल्यावर लावणीपूर्वीं तें शेतांत पसरावें, व पाण्यावर दाट थर जमला म्हणजे पाणी काढून तो चिखलांत तुडवावा. ही शेवटची क्रिया टाळूं नये, कारण जिवंत तरंगणारी अझोला आपला नत्र बव्हंशीं स्वतःपाशींच ठेवते. ती कुजली म्हणजेच तो भातास मिळतो.

लाभाचा हिशेबही नीट मांडावा. एका एकरावर ४,००० किलो ओली अझोला तयार झाली असें धरूं. तींत शेंकडा ९४ भाग पाणी, म्हणजे कोरडा अंश २४० किलो. त्यांत शेंकडा साडेचार भाग नत्र धरल्यास सुमारें ११ किलो नत्र होतो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याच्या निम्म्याहून हा थोडा अधिक. म्हणजे खताचा सर्व खर्च वांचेल ही आशा नको. परंतु अर्धें पोतें वांचून जमिनींत सेंद्रिय अंशाची भर पडते, हा लाभ लहान नव्हे.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. बेणें आणतांना साल्व्हिनिया ही दुसरी तरंगती नेचेजात घरीं येऊं देऊं नये. मूळची ब्राझीलची ही वनस्पति केरळांत पसरून तिनें कुट्टनाडचे कालवे व भातशेतें व्यापलीं. १९८३ सालापासून तिच्यावर उपजीविका करणारे सोंडकिडे सोडल्यावरच तिला आळा बसला. ओळख सोपी आहे. साल्व्हिनियाचीं पानें अझोलाच्या अख्ख्या रोपाएवढीं किंवा त्याहून मोठीं असून त्यांवर उभे केस असतात, व पाणी त्यांवरून ओघळून जातें. तिला खरीं मुळें नसतात. खालीं लोंबणारे तपकिरी धागे हें तिचें रूपांतर पावलेलें पानच होय.

बेणें शिरगांवच्या कृषि संशोधन केंद्रांत किंवा दापोलीच्या कृषि विद्यापीठांत दाखवून खात्री करून घ्यावी, विहिरींत वा ओढ्यांत तें सोडूं नये, आणि पहिल्या वर्षीं एकाच गुंठ्यावर प्रयोग करावा. त्या गुंठ्यांतील पाणी संथ राहिलें व पानें हिरवीं राहिलीं, तर पुढील वर्षीं क्षेत्र वाढविण्यास हरकत नाहीं.