चल्लस आठ : मांडणी, दान आणि मोजणी



मागच्या व्याख्यानानंतर एक आजी थांबल्या होत्या. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, चार नातवंडं आजींजवळ. आपल्या बीड जिल्ह्यात असं घर शोधावं लागत नाही. त्या म्हणाल्या, "सर, संध्याकाळी आम्ही चल्लस आठ खेळतो. आमच्यात चल्लस नाहीतर आठ पडल्याशिवाय सोंगटी पटावर येत नाही. धाकट्याला दानच पडत नाही, मग तो रडून उठतो. त्याला सूट दिली की थोरला म्हणतो, खेळ खोटा झाला. काय करू?"

प्रश्न छोटा वाटतो, पण त्यात गणितही आहे आणि न्यायही आहे. म्हणून आजचं बोलणं याच खेळावर.

आधी मांडणी सांगतो, कारण ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी काहींनी हा खेळ पाहिलेला नसेल. फरशीवर खडूनं किंवा कोळशानं पाच बाय पाचचा चौकोन आखायचा. घरं झाली २५. बाहेरच्या कडेला १६, त्याच्या आत ८ आणि मधोमध १. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली मारायची आणि मधल्या घरातही मारायची. बाजूची फुली म्हणजे त्या त्या खेळाडूचं घर. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. खडे घ्या, बांगडीचे तुकडे घ्या, भुईमुगाची टरफलं घ्या, फक्त एकमेकांच्या ओळखू आल्या पाहिजेत.

फाशाच्या जागी चिंचोके. दोन चिंचोके दगडावर घासून फोडायचे, म्हणजे चार डाळी मिळतात. एक बाजू पांढरी, एक काळी. कवड्या असतील तर चार कवड्या चालतात. चारही एकदम टाकायचे आणि पांढऱ्या बाजू मोजायच्या. एक पांढरी तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन. चारही पांढऱ्या म्हणजे चल्लस, त्याचे चार. चारही काळ्या म्हणजे आठ. चल्लस किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायला मिळतं.

सोंगटी आपल्या फुलीपासून निघते, बाहेरच्या कडेनं घड्याळाच्या उलट दिशेनं १५ घरं चालते, मग आत वळते. आतली ८ घरं घड्याळाच्या दिशेनं चालायची आणि शेवटी मधलं घर. मोजा बरं: १५, ८ आणि १, झाली २४. वाटेत दुसऱ्याची सोंगटी ज्या घरात आहे त्याच घरात आपण पोचलो, तर ती मारली जाते, तिच्या घरी परत जाते आणि आपल्याला आणखी एक दान मिळतं. फुलीवरच्या सोंगटीला मारता येत नाही. बऱ्याच घरांत आणखी एक अट असते: एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत वळता येत नाही. मधल्या घरात जायला नेमकं तेवढंच दान लागतं.

आता दानाचं गणित. एका चिंचोक्याच्या दोन बाजू. चार चिंचोके म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, १६ तऱ्हा. त्यात एक पांढरी येण्याच्या ४ तऱ्हा, दोन येण्याच्या ६, तीन येण्याच्या ४. चल्लसची तऱ्हा १ आणि आठचीही १. अशी मोजणी भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त शिकवली आहे. तिथं चिंचोके नाहीत, सहा चवींची मिश्रणं आहेत, पण रीत तीच. भास्कराचार्यांचं विज्जडविड म्हणजे आपलं बीडच, असं काही अभ्यासक मानतात. काही ते चाळीसगावजवळच्या पाटणला नेतात. तो वाद आज बाजूला ठेवू. (हशा)

सोळा तऱ्हांची दानं मिळवली तर बेरीज ४० येते. म्हणजे एका दानाला सरासरी अडीच घरं. पंधराव्या घरावरची सोंगटी मेली, तर साधारण सहा दानांची कमाई गेली. थोरला अशा वेळी चिडतो ते उगाच नाही.

आता आजींच्या धाकट्याकडे येऊ. चल्लस किंवा आठ पडण्याच्या तऱ्हा १६ पैकी २, म्हणजे आठात एक. सरासरी आठव्या पाळीला सोंगटी बसणार. पण सरासरीवर जाऊ नका. आठ पाळ्या झाल्या तरी एकदाही असं दान न पडण्याची शक्यता शंभरात ३४ आहे. तीन मुलांमागे एक मूल आठ पाळ्या नुसतं बसून राहणार! सहा वर्षांचं पोर रडलं, तर दोष त्याचा नाही आणि त्याच्या नशिबाचाही नाही. तो नियमाचा हिशेब आहे.

आणि हे सगळं चिंचोके सरळ असतील तर. एक बाजू जड असेल तर हिशेब बदलतो. समजा पांढरी बाजू शंभरात ६० वेळा येते. मग चल्लस साधारण आठ दानांत एकदा पडेल, पण आठ पडायला सरासरी ३९ दानं लागतील. म्हणून एकदा प्रत्येक चिंचोका शंभर वेळा टाकून बघा. मुलांना हे काम द्या, आवडतं त्यांना. फारच फरक आला तर चिंचोका बदला.

मग काय करायचं? माझं सांगणं असं. तीन पाळ्या दान पडलं नाही, तर चौथ्या पाळीला एक सोंगटी आपोआप पटावर बसेल. पण हा नियम एकट्या धाकट्याला नको, चौघांनाही हवा, आणि पहिलं दान टाकायच्या आधी ठरलेला हवा. खेळाच्या मधे एकासाठी बदलला तर थोरल्याचं खरं आहे, खेळ खोटा होतो. आधी सगळ्यांसाठी बदलला तर तो नवा नियम झाला. घरोघरी या खेळाचे नियम वेगळे आहेत ते असेच झालेत.

शेवटी मोजणी. जेवायची वेळ झाली आणि डाव अर्धा राहिला, तर भांडू नका. प्रत्येक सोंगटी किती घरं चालली ते मोजा. मधल्या घरात पोचलेलीचे २४, घरी बसलेलीचे शून्य. चारही पोचल्या तर ९६. ज्याची बेरीज मोठी त्याचा डाव. ही बेरीज धाकट्यानं करायची आणि थोरल्यानं तपासायची.

आणि आजी, पटावर घरं चारच आहेत, तुम्ही पाचव्या. तुम्ही धाकट्याच्या जोडीला बसा. पण चिंचोके त्यालाच टाकू द्या.