फलकावरील उष्मांक आणि आहारातील राशी

महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास साखळी उपाहारगृहांचा विचार करण्याचे कारण काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. पिझ्झा, बर्गर विकणारी दुकाने आमच्या गावात नाहीत. तथापि गावातील मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी नागपूर, पुण्यास जातात. सणावारी घरी आली की आईवडिलांबरोबर चिकित्सालयात येतात आणि वाढलेल्या वजनाविषयी बोलू लागतात. त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: “दिवसाला इतक्याच कॅलरी घ्यायच्या असे मी ठरवले आहे. मग त्या भाकरीतून घेतल्या काय आणि बर्गरमधून घेतल्या काय, फरक काय पडतो?”

या प्रश्नास आपल्याकडे दोन सोपी उत्तरे तयार असतात. ‘बाहेरचे खाऊच नका’ हे पहिले आणि मेदोहर गुग्गुळाची डबी हे दुसरे. पहिले उत्तर रुग्ण ऐकत नाही. दुसऱ्याने त्याचे खाणे बदलत नाही. उष्मांकाचा आकडा हा मात्राविचाराचाच एक भाग आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र आहारविधीतील आठांपैकी एकाच अंगाविषयी तो बोलतो, हे रुग्णास समजावून सांगणे हे वैद्याचे काम आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच.

आकडा फलकावर कसा आला

अन्नातील ऊर्जा मोजण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकातील आहे. त्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर यांनी केलेल्या प्रयोगांतून प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्नेहाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ किलोकॅलरी हे प्रमाण रूढ झाले. वजन कमी करण्यासाठी उष्मांक मोजून खाण्याचा प्रघात लोकांपर्यंत नेला तो लुलू हंट पीटर्स या अमेरिकन स्त्री-डॉक्टरने, १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाद्वारे. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये साखळी उपाहारगृहांना पदार्थासमोर उष्मांक लिहिणे बंधनकारक केले. २०१८ पासून संपूर्ण अमेरिकेत आणि २०२२ पासून इंग्लंडमधील मोठ्या व्यवसायांना तसा नियम लागू झाला.

भारतात मॅकडोनाल्ड्स व डॉमिनोज या परदेशी साखळ्या १९९६ साली आल्या. परंतु साखळी म्हणजे केवळ परदेशी नव्हे. नागपूरच्या हल्दीरामची उपाहारगृहे विदर्भात सर्वांच्या परिचयाची आहेत. वडापावही २००१ नंतर जम्बोकिंग व २००४ नंतर गोली यांच्या रूपाने साखळीत आला. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शनविषयक नियमांनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थासमोर एका वाढपाचे उष्मांक लिहिणे आवश्यक ठरले. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२२ पासून अपेक्षित होती. सरासरी सक्रिय प्रौढास दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात, मात्र ही गरज व्यक्तीपरत्वे बदलते, अशा आशयाचे वाक्यही त्यासोबत असावे लागते. आपला रुग्ण त्यातील २००० हा आकडा लक्षात ठेवतो आणि वाक्याचा उत्तरार्ध विसरतो.

हा आकडा कोणाचा?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाला सुमारे १६६० किलोकॅलरी पुरतात. मध्यम श्रमाच्या स्त्रीस २१३० आणि कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीस २७२० लागतात. पुरुषांसाठी हेच आकडे अनुक्रमे २११०, २७१० व ३४७० असे आहेत. शेतात दिवसभर राबणारी आई आणि पुण्यात संगणकासमोर बसणारी तिची मुलगी यांच्या गरजेत हजार किलोकॅलरींचे अंतर पडू शकते. दोघींना २००० हा एकच आकडा लावला तर आई उपाशी राहील व मुलगी स्थूल होईल. आहाराची मात्रा अग्निबलावर अवलंबून असते, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायातच सांगून ठेवले आहे. आधुनिक कोष्टकातील श्रमाचा रकाना त्याच विचाराच्या जवळ येतो.

आकड्याच्या अचूकतेलाही मर्यादा आहे. अमेरिकेतील उपाहारगृहांमधून घेतलेल्या २६९ पदार्थांची प्रयोगशाळेत तपासणी करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९ टक्के पदार्थांमध्ये, लिहिलेल्या आकड्यापेक्षा वाढपामागे किमान १०० किलोकॅलरी अधिक आढळल्या. याच्या उलट उदाहरण बदामाचे. २०१२ सालच्या एका अभ्यासात, अख्ख्या बदामातून शरीरास प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा कोष्टकातील आकड्यापेक्षा बरीच कमी निघाली, कारण चावल्यानंतरही त्यातील काही स्नेह पेशींच्या आवरणात अडकून राहतो व न पचता बाहेर पडतो. ताटात वाढलेले आणि अग्नीने पचविलेले या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वैद्यास नवीन नाही.

सर्वग्रह आणि परिग्रह

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. यांपैकी राशी म्हणजे प्रमाण. त्याचे दोन प्रकार आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह आणि त्यातील प्रत्येक पदार्थाचे स्वतंत्र प्रमाण तो परिग्रह.

साखळी उपाहारगृहातील फलक बहुधा परिग्रह सांगतो. बर्गरसमोर एक आकडा, तळलेल्या बटाट्यासमोर दुसरा, पेयासमोर तिसरा. सर्वग्रहाची बेरीज खाणाऱ्यावर सोपविलेली असते आणि फुकट मिळणाऱ्या चटण्या, सॉस तीत येत नाहीत. गोड शीतपेयाच्या २५० मिलिलिटरमध्ये साधारणपणे २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे सुमारे शंभर किलोकॅलरी, ज्यांनी पोट भरल्याची जाणीवही होत नाही. चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० किलोकॅलरी असतात. ‘मी फक्त एक बर्गर खाल्ला’ असे सांगणाऱ्या रुग्णास सर्वग्रहाची बेरीज करावयास शिकविणे, ही समुपदेशनाची पहिली पायरी होय.

उरलेली सात आयतने

प्रकृती: मैदा, चीज व बटाटा ही स्वभावतः गुरू द्रव्ये. गुरू पदार्थ तृप्तीच्या अर्ध्या वा पाऊण मर्यादेपर्यंतच घ्यावेत, असा शास्त्राचा संकेत आहे. समान उष्मांकांचे मुगाचे वरण व ज्वारीची भाकरी यांचा पोटातील अनुभव वेगळा असतो, हे रुग्णास स्वतः पडताळून पाहण्यास सांगावे.

करण: संस्काराने द्रव्याचे गुण बदलतात. उकडलेला बटाटा आणि तोच तळलेला, यांतील फरक उष्मांकात दिसतो. पण तेल कितव्यांदा तापविले आहे, हे उष्मांकात दिसत नाही. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के असावी, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला आहे. पुन्हा तापविलेले अन्न वर्ज्य करावे, हे वाग्भटांचे सांगणे येथे आठवावे. ही दक्षता गावातील आलुबोंड्याच्या कढईलाही तितकीच लागू आहे.

संयोग: दूध व आंबट फळे यांचे थंडगार मिश्रण, त्यावर तिखट व खारट पदार्थ. अशा विरुद्धाहारास कोणताही आकडा नाही.

देश: खाणारा कोठे वाढला व त्याला काय सात्म्य आहे, हे पाहावे. ज्वारी-तुरीवर वाढलेल्या मुलास मैदा आणि चीज रोजचे अन्न म्हणून मानवेलच असे नाही.

काल: रात्री अकरा वाजता घरपोच येणारे अन्न आणि दुपारी बाराला घेतलेले तेच अन्न उष्मांकांनी समान असते, अग्नीच्या दृष्टीने नव्हे. पूर्वीचे न पचता पुन्हा खाणे हे अध्यशन, मग बेरीज मर्यादेत असली तरीही.

उपयोगसंस्था: म्हणजे जेवण्याचे नियम. उष्ण व स्निग्ध अन्न, योग्य मात्रेत, पूर्वीचे पचल्यावर, अतिघाई वा अतिविलंब न करता, मन लावून खावे. डोळे पडद्याकडे लावून खाणाऱ्यास तृप्तीची खूण ओळखू येत नाही.

उपयोक्ता: शेवटी खाणारा स्वतः. त्याची सवय, त्याचा व्याधी, त्याची औषधे. येथेच खरा धोका आहे आणि त्याचा पुढे स्वतंत्र विचार केला आहे.

उष्मांक ‘वाचविण्याचा’ धोका

उष्मांक मोजणाऱ्यांमध्ये एक पद्धत रूढ होत आहे. संध्याकाळी मित्रांबरोबर बाहेर जायचे म्हणून सकाळचे व दुपारचे जेवण टाळावयाचे आणि ‘वाचलेले’ उष्मांक रात्री एकदम खर्च करावयाचे. हिशेबाच्या वहीत बेरीज जुळते. शास्त्राच्या भाषेत मात्र हे विषमाशन होय.

तरुण, निरोगी व्यक्तीस याचा त्रास आम्लपित्त, आनाह, अनियमित मलप्रवृत्ती एवढ्यापुरता राहील. परंतु ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाने औषध घेऊन दुपारचे जेवण टाळले, तर रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. घाम, कंप, भ्रम व अखेरीस मूर्च्छा ही त्याची लक्षणे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत देशात सुमारे दहा कोटी मधुमेही असल्याचा अंदाज मांडला आहे. तेव्हा उष्मांक मोजणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णास ‘साखरेची कोणती गोळी चालू आहे?’ हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे.

दुसरा धोका विरुद्ध टोकाचा आहे. मुळात कृश असलेली मुलगी प्रत्येक घासाचा आकडा लिहू लागते, कुटुंबासोबत जेवणे टाळते, पाळी अनियमित होते वा थांबते. तिला मेदोहर औषध देणे हा अपचार ठरेल. अतिस्थूल व अतिकृश या दोघांनाही चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात एकत्र मांडले आहे, याचे स्मरण ठेवावे. अशा मुलीस बृंहणाची आणि अनेकदा मानसोपचारतज्ज्ञाच्या साहाय्याची गरज असते.

त्याच अध्यायात स्थौल्याच्या आहाराचे एक मार्मिक तत्त्व आहे: गुरू तरीही अपतर्पण करणारे अन्न. पोट भरावे, भूक लवकर लागू नये, पण पोषणाचा अतिरेक होऊ नये. यव हे त्याचे उदाहरण. शीतपेय व तळलेले पदार्थ नेमके याच्या उलट असतात: पोट फारसे भरत नाही आणि संतर्पण मात्र अतोनात होते.

रुग्णास काय सांगावे

१. उपाहारगृहात जाण्यापूर्वीचे जेवण टाळू नये. ते हलके असावे. दुसऱ्या दिवशी खरी भूक लागेपर्यंत थांबावे आणि मग मुगाचे कढण वा भाकरी-पालेभाजी घ्यावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मात्र जेवणाची वेळ चुकवू नये.

२. फलकावरील आकडे वाचावेत आणि पेयासह एकूण बेरीज करावी. एकट्यासाठी मोठा पदार्थ न घेता दोघांत वाटून घ्यावा.

३. गोड पेयाऐवजी पाणी किंवा ताक, तळलेल्याऐवजी भाजलेले, मैद्याऐवजी पोळी असे पर्याय जेथे मिळतील तेथे घ्यावेत.

४. कोठे थांबावे याची खूण विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे: कुक्षीवर दाब नाही, हृदयाशी अवरोध नाही, पार्श्वभागी ताण नाही, बसणे, चालणे, श्वास घेणे, बोलणे, हसणे सुखाने होते. ही परीक्षा कोणत्याही फलकाशिवाय करता येते.

५. असे खाणे महिन्यात किती वेळा होते, याची नोंद रुग्णास ठेवण्यास सांगावे. एका जेवणाच्या आकड्यापेक्षा ही संख्या वैद्यास अधिक उपयोगी पडते.

फलकाकडून फार अपेक्षाही ठेवू नयेत. उपलब्ध अभ्यासांचा २०२५ साली घेतलेला कॉक्रेन आढावा सांगतो की, उष्मांक लिहिल्याने निवडलेल्या अन्नातील ऊर्जा सरासरी दोन टक्क्यांहूनही कमी घटते. आकडा वाचून माणूस आपोआप बदलत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

‘आज बाहेर जेवलो, उद्यासाठी काही द्या’ अशी मागणी औषधालयात येते. गुग्गुळकल्प हे अतिभोजनाचे प्रायश्चित्त नव्हे. वैद्याच्या सल्ल्यावाचून ते त्या हेतूने देऊ नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाबरोबर स्थूलताही समाविष्ट आहे. स्थूलता बरी करण्याचा दावा करणारी औषधाची पाटी दुकानावर लावणे त्यामुळे कायद्याच्या कक्षेत येते. ग्राहक मधुमेहाची गोळी घेत असेल आणि जेवण टाळण्याविषयी बोलत असेल, तर त्यास त्वरित वैद्याकडे पाठवावे.

आपल्या प्रत्येक चिकित्सालयात आहाराच्या चौकशीचा एक छापील कागद असावा आणि त्यात वरील आठ आयतनांचे आठ रकाने असावेत, अशी सूचना करावीशी वाटते. रुग्णाने स्वतः मोजून आणलेले उष्मांक राशीच्या रकान्यात आदराने लिहून घ्यावेत. त्याने केलेल्या श्रमाची दखल घेतली गेली की, उरलेल्या सात रकान्यांविषयी तो आपले म्हणणे ऐकून घेतो, असा अनुभव आहे.